एक तं साप सोडा, नाही तं चष्मा सोडा

सौंसरात कुणाच्या घरी साप निघाला की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग गजेंद्रचं. कधी कधी क्रम उलटाही होतो. तसा हा माणूस नगरपालिकेत नळ सोडणारा. पण फोन आला की चाललाच! हातात काठी, प्लास्टिकचा पाइप, पाइपच्या मागच्या तोंडाला बांधलेली काळी पिशवी आणि नाकावर हा एवढा जाड चष्मा. साप मारू द्यायचा नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. असली माणसं गावात एखादीच असतात, आणि गाव त्यांना गृहीत धरून चालतं.

मागच्या उन्हाळ्यात बोरगावच्या एका संत्र्याच्या बागेत घोळ झाला. मोटारीच्या पेटीखाली घोणस बसली होती. गजेंद्र वाकला, घामानं चष्मा घसरला आणि थेट घोणशीच्या पुढ्यात जाऊन पडला. चष्म्याविना याला स्वतःच्या हाताची बोटं धड दिसत नाहीत, साप कुठचा दिसतो! बापा रे, पाचावर धारण बसली. बागवाल्यानं मागून कॉलर धरून ओढला म्हणून वाचला.

घरी येऊन हा हसत हसत सांगायला गेला. त्याची बायको प्रमिला काही हसली नाही. शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "एक तं साप सोडा, नाही तं चष्मा सोडा. दोन्ही चालनार नाही."

गजेंद्रनं चष्मा सोडला.

पण तेही काही चुटकीसरशी झालं नाही. चष्म्याचा नंबर घालवायचा म्हणून नागपूरच्या दवाखान्यात तपासण्यांवर तपासण्या. बुबुळाची जाडी मोजली; पातळ निघालं तर लेझर नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलेलं. निकाल येईपर्यंत गजेंद्र बाकावर बसून दहावीच्या पोरासारखा नखं खात होता, आणि प्रमिलानं तिथूनच जामसांवलीच्या मारुतीला नारळ कबूल केला. जमलं एकदाचं! ऑपरेशनच्या दिवशी डोक्याला तेल नाही, अंगाला अत्तर नाही, न्हाऊनधुऊन स्वारी टेबलावर. दिव्याकडे बघायचं आणि हलायचं नाही. न हलणं हे तर याचं रोजचं काम! तरी जळक्या केसासारखा वास आला तेव्हा तोंडचं पाणी पळालं. बाहेर आल्यावर मात्र मिशीला पीळ. "काही नाही वो, झालं बी."

खरी परीक्षा घरी होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं, पाणी थांबायचं नाही, आणि चोळायची बंदी. झोपताना डोळ्यांवर झाकणं चिकटवायची. धूळ नको, धूर नको. बुबुळावरची उचलून परत बसवलेली पातळ साल अजून कच्ची आहे, धक्का लागला तर सरकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. प्रमिलानं घरात झाडूच बंद केला, ओल्या फडक्यानं पुसायची. भेटायला येणारा जो तो वैद्य. कुणी म्हणे मध घाला, कुणी म्हणे गुलाबपाणी. शेजारचे नत्थूजी तर गाईचं तूप वाटीत घेऊनच आले. प्रमिलानं ते पोळीला लावलं आणि त्यांनाच वाढलं.

तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी अंगणवाडीच्या सुमनताईंचा फोन. धान्याच्या कोठीत नाग! लेकरं बाहेर काढली होती, पण गल्लीतले लोक लाठ्या घेऊन जमले होते. दुसरा साप पकडणारा पांढुर्ण्याला, त्याची वाट कोण बघणार?

गजेंद्रनं काठी उचलली.

"काय करून राहिले तुमी?" प्रमिला आडवी आली. "कोठीत पिठाची धूळ हाय. डोळे गेले तं?"

"आन ठेचता ठेचता कोनाले डसला तं?"

प्रमिलानं काठी त्याच्या हातातून काढून घेतली. "डॉक्टरीणबाईनं तुमाले मना केलं. मले नाही केलं."

पिशव्या तीच शिवायची. चार-दोनदा पाइप धरून त्याच्या बाजूला उभीही राहिली होती. पण एकटीनं नाग?

"घाई करू नको," तो घाईघाईनं म्हणाला. "पाइप भिंतीशी लाव. त्याले अंधार पाह्यजे, तो आपल्या मनानं आत जाते."

"माहीत हाय मले," म्हणत तिनं स्कूटी काढली.

प्रमिला पोचली तेव्हा सुमनताईंनी गजेंद्रसाठी फोन चालू ठेवला होता. पोतं सरकवल्याचा आवाज आला. "निघाला, निघाला! फणा काढला बापा!" आणि फोन कट.

गजेंद्रनं परत लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. तेच. तो दारापर्यंत गेला. रस्त्यावर धुळीचा भुरका उडत होता. कडीवर हात ठेवून उभा राहिला आणि मागे फिरला, कारण आता डोळे गमावले तर तिचं जाणंच वाया जाईल. एवढे साप धरले, पण असा जीव टांगणीला कधी लागला नव्हता. स्वतःच्या जिवाची भीती वेगळी आणि ही वेगळी. ही फार वाईट.

बऱ्याच वेळानं स्कूटीचा हॉर्न वाजला. प्रमिला घामानं निथळलेली, केसांत पीठ. नाग वनरक्षकाच्या हवाली करून आली होती. "लय मोठा होता वो, पन शहाना. सरळ पाइपात गेला."

"फोन काहून नाही उचलला?" गजेंद्र ओरडला. आवाज फाटलाच त्याचा.

"सुमनताई फोन टाकून पयाल्या. माह्या हाती पाइप होता, कायच्या हातानं उचलू?"

लग्न झाल्यापासून हेच उत्तर तो तिला देत आला होता, तेही हसत. गजेंद्र मटकन खाटेवर बसला.

"तू कशी बसत होती वं घरी, इतकी वर्सं?"

"मशीन चालवत," प्रमिला म्हणाली. हात धुऊन तिनं औषधाची बाटली घेतली. "मान वर करा."

डोळे झकास बरे झाले. गजेंद्र पुन्हा साप धरतो, अन् कधी कधी प्रमिलाही धरते. पण आता पिशवीला गाठ बसली की लोक शाबासकी देतात, पाणी पुढं करतात, तर हा हातानं थांबा म्हणतो आणि आधी घरी फोन लावतो. तिकडून तिचा "हं" ऐकू आला की मग पाणी पितो.