नास्काचे मासे आणि एक मोर

पाण्यात कालवलेल्या गेरूचा वास आला की मला आटपाडीतली ती दुपार आठवते. आई जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, कुणाशीच बोलत नव्हते. पेरू देशाच्या वाळवंटात राहणाऱ्या नास्का लोकांच्या प्राचीन मडक्याचा फोटो मोबाइलवर उघडून, मी पडवीत बाजारातल्या साध्या मडक्यावर तशीच नक्षी काढत होते. माळावर ऊन पांढरंफटक पडलं होतं आणि मडक्यावरून तांबडे मासे संथ पोहत चालले होते. आबा मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. "कुणाचं हाय हे?" "लय जुन्या माणसांचं, आबा. तिकडंही पाऊस नसायचा. माणूस गेलं की त्याच्याजवळ अशी रंगवलेली मडकी ठेवायचे." ते बराच वेळ फोटो बघत राहिले. "तुज्या आईला आपण काय बी दिलं न्हाई," म्हणत ते माझ्याजवळ बसले. "तिला मासं आवडत न्हवतं. मोर काढ." मी मोर काढला, पण त्याची मान वाकडी झाली. "व्हय, दारात येणारा मोर आसाच वाकडा बघायचा तिच्याकडं, दाणं मागताना," आबा म्हणाले आणि महिन्यात पहिल्यांदा हसले. संध्याकाळी आम्ही ते मडकं पाण्यानं भरून, रानात जिथं आईला अग्नी दिला होता तिथं ठेवलं. परतताना वाटभर ते आईबद्दलच बोलत होते. आता आबाही नाहीत, आणि त्यांच्यासाठी काय काढावं हे सांगायला कुणी उरलेलं नाही.