वर मजला चढणार नाही

नकाशावर जिना नव्हता. दादाने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली, तिकडे काढलाय की काय म्हणून.

"जिना राहिला वाटतं," तो म्हणाला.

"राहिला नाही. काढलाच नाही," आत्या म्हणाली आणि समोरच्या शर्टाची कॉलर उलटवून तिने इस्त्री फिरवली.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादाच्या मुलाने तिला आत्या म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळी गल्लीच म्हणू लागली. इतकी, की शेवटी तिच्या लॉन्ड्रीच्या पाटीवरही तेच नाव लागलं. वय पन्नाशीपुढचं. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं असं विचारणाऱ्याला आजवर तिच्याकडून धड उत्तर मिळालं नव्हतं. जन्मभर उभ्याने इस्त्री करून गुडघ्यांनी मात्र हात टेकले होते. आईवडील गेल्यापासून ती दादाच्या घरामागच्या खोलीत राहायची. खोली वाईट नव्हती, वहिनीही वाईट नव्हती. पण पाहुणे आले की आत्याचा पलंग उचलून व्हरांड्यात जायचा आणि पलंगामागोमाग आत्या. एका दुपारी लॉन्ड्रीतून घरी आली, तर पलंग न विचारताच बाहेर गेलेला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती थेट नकाशे काढणाऱ्या मुलीच्या ऑफिसात जाऊन बसली.

शहर संपतं तिथे, टायरच्या गोदामामागे, आत्याने कधीकाळी स्वस्तात घेतलेला एक छोटा प्लॉट पडून होता. तिथे घर बांधायचं ठरलं. एक मोठी खोली, एक लहान, स्वयंपाकघर, मागे कपडे धुवायला नि वाळत घालायला जागा. कुठेही पायरी नाही, बाथरूमला उंबरा नाही. जिना तर नाहीच.

नकाशावाल्या मुलीने तिला पायाचं गणित नीट समजावून सांगितलं होतं. "आत्या, वर किती मजले येणार त्यावर खड्डे किती खोल खणायचे आणि सळया किती जाड वापरायच्या ते ठरतं. वर काही येणारच नसेल तर उगाच खोल जाऊ नका. तो पैसा जमिनीखाली जातो, नंतर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

दादाला मात्र हे पटेना. "आज एकच मजला बांध, मी कुठे नको म्हणतोय? पण पाया तीन मजल्यांचा घाल. फरकाचे पैसे मी देतो. उद्या तुझा भाचा वर बांधेल. तुलाही सोबत होईल."

"त्याला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? तुझ्यामागे घर त्याचंच ना?"

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली. "माझ्यामागचं माझ्यामागे बघा. आधी मला राहू तर दे. दादा, मी घर बांधतेय. कुणाच्या घराचा तळमजला नाही बांधत."

"हट्टी आहेस."

"आहे."

दादा हसला. त्याला वाटलं, बोलून मोकळी झाली, आता येईल वळणावर. एक गोष्ट मात्र आत्याने त्याची ऐकली. ठेकेदार त्याच्या ओळखीचा घेतला, कारण त्याचा दर बाकीच्यांपेक्षा कमी होता. पुढे घोड्याने पेंड खाल्ली ती इथेच.

ठेकेदार तोंडाने गोड होता, पण प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायचाच. विजेची बटणं नि प्लग कमरेएवढ्या उंचीवर हवेत म्हटल्यावर तो म्हणाला, "शोभत नाही हो, आत्या."

"मला वाकवत नाही. शोभेला काय इस्त्रीची वायर जोडू?"

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. आत्याला वाटलं, माणूस ऐकणारा आहे.

खणायला सुरुवात झाली आणि नेमकं तेव्हाच एका मोठ्या इस्पितळाच्या चादरींचं काम आत्याकडे आलं. बांधकामाला पैसा लागत होता, नाही म्हणायची सोय नव्हती. बरेच दिवस तिला प्लॉटकडे फिरकता आलं नाही. दादा अधूनमधून सांगायचा, "मी बघून आलो. झकास चाललंय."

मोकळी झाल्यावर ती गेली आणि आधी थबकली ती मातीच्या ढिगापाशी. एवढ्याशा घराला एवढी माती? ढीग गोदामाच्या भिंतीला लागला होता. खड्डे भरून झाले होते, काँक्रीट पडलं होतं, आणि कॉलमच्या सळया अंगठ्याएवढ्या जाड, आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. गवंडी सावलीत चहा पीत बसला होता.

"किती खोल गेलात हो?" आत्याने विचारलं.

"मी आत उतरलो तर वरून माझी टोपीसुद्धा दिसत नव्हती," गवंडी अभिमानाने म्हणाला.

"इतकं खणायला कुणी सांगितलं?"

"मालकांनी."

"मालक कोण?"

गवंड्याने कप खाली ठेवला. कुठेतरी पाणी मुरतंय हे आता त्याच्याही ध्यानात आलं. "ते... तुमचे भाऊ येतात ना रोज."

"रोज येतो म्हणून मालक होत नाही. मालकीण मी आहे. काम थांबवा."

ठेकेदार धावत आला. "आत्या, तुमचा एक पैसा जास्त गेलेला नाही! वरचे सगळे दादांनी दिले. फुकटात पाया पक्का झाला, यात रागवण्यासारखं काय?"

"उद्या कुणी तुमच्या पँटला फुकटात तिसरा पाय शिवून दिला तर घालाल?"

बिगाऱ्यांतली एक बाई खुदकन हसली. ठेकेदाराचं तोंड एवढंसं झालं.

आत्या तिथून रिक्षाने थेट दादाच्या घरी. तो जेवायला बसला होता. वहिनीने पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही.

"तुझ्या भल्यासाठीच केलं," दादा म्हणाला.

"मग माझ्यापाठीमागे का करावं लागलं?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं. तरी केलंस." ती दादाच्या ताटासमोर येऊन उभी राहिली. "उद्या वर खोल्या चढवशील, परवा जिन्यासाठी माझं स्वयंपाकघर मागशील. तुझा पैसा पायात, म्हणजे माझ्या डोक्यावर मिरे वाटायला तू मोकळा. किती दिलेस सांग. परत करते."

"बहिणीकडून पैसे घेऊ?"

"घ्यावे लागतील."

दादाने आकडा सांगितला नाही. आत्याने तो ठेकेदाराकडून काढला आणि नकाशावाल्या मुलीसमोर बसून हिशेब मांडला. पडलेलं काँक्रीट उकरण्यात अर्थ नव्हता. ते राहू दे, पण त्याची किंमत दादाला द्यायची. मग ती आणायची कुठून? कर्ज काढायचं नव्हतं. तेव्हा एकेक गोष्ट घरातून बाहेर पडू लागली. फरशी गेली, त्याऐवजी सिमेंटचा कोबा. बाहेरून गिलावा नाही. कंपाउंडची भिंत नाही, तारेचं कुंपण. तरी रक्कम भरेना. शेवटी आत्याने नकाशातल्या छतावर बोट ठेवलं.

"स्लॅब काढून टाक. लोखंडी सांगाड्यावर उतरते पत्रे घालू. किती वाचतील?"

मुलीने आकडे मांडले. बरेच वाचत होते. "पण पत्रे तापतात, आत्या. उन्हाळा सोसवणार नाही."

"तापू देत. माझा जन्म तापलेल्या इस्त्रीपुढे गेलाय. आणि उतरत्या पत्र्यावर कुणाला मजला चढवता येत नाही, हो ना?"

"नाही येत."

"मग झालं तर."

भिंती उभ्या राहिल्या, तुळया ओतून झाल्या आणि कॉलमच्या डोक्यावर उरलेल्या सळया कापायचा दिवस आला. ठेकेदार शेवटपर्यंत घुटमळत होता. "राहू द्या ना थोड्या. पत्रे तापून उद्या मन बदललं तर?"

"म्हणूनच कापा," आत्या म्हणाली.

कटर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या. आत्या छत्री टेकवून शेवटची सळई खाली पडेपर्यंत उभी राहिली. ते तुकडे तिने भंगारवाल्याला दिले आणि त्याचे आले तेवढे पैसेही दादाला द्यायच्या रकमेच्या पाकिटात घातले.

दादा पाकीट घेईना. आत्याने ते टेबलावर ठेवलं, त्याने तिच्याकडे सरकवलं. तिने पुन्हा त्याच्याकडे. शेवटी वहिनी पदराला हात पुसत आली आणि पाकीट उचलून कपाटात ठेवलं. "ही परत नेणार नाही आणि तुम्ही घेणार नाही. माझ्याकडे राहू दे. तुमच्या दोघांसारखी मला पैशाची लाज नाही." त्या दिवसापासून दादाने बोलणं टाकलं.

आत्या टेम्पोत सामान घालून नव्या घरी गेली. बाहेरून विटा उघड्या, आत कोबा. पण खिडकीशी इस्त्रीचं टेबल होतं आणि बाथरूमला पाय न उचलता जाता येत होतं. पहिले कितीतरी दिवस ती उगाचच या खोलीतून त्या खोलीत हिंडायची.

मग उन्हाळा आला. पत्रे असे तापले की आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी घरात पाऊल ठेववेना. तिने पत्र्यांखाली ओल्या चादरी बांधून पाहिल्या, त्या घटकाभरात वाळायच्या. "निदान धंद्याला बरं," ती गिऱ्हाइकांना सांगायची. कुणी विचारलं, गरम होत नाही का, की म्हणायची, "वारा असतो." गल्लीतल्या जुन्या शेजारणी मान डोलवायच्या आणि ती वळली की एकमेकींकडे बघायच्या. पुढच्या वर्षी चार पैसे साठल्यावर तिने पत्र्यांखाली जाड छत बसवून घेतलं. ते बसवायला नेमका तोच ठेकेदार आला.

"मी म्हटलं होतं, आत्या."

"म्हटलं होतंत. चुकलं माझं. पण माझ्या पैशाने चुकलं," ती म्हणाली. "कोपऱ्यात फट राहिलीय, ती बुजवा."

दादा आला त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी. मुलाने नोकरीच्या गावी फ्लॅट घेतल्याचं वहिनीने फोनवर सांगितलंच होतं. दादा दारात उभा राहून छताकडे बघत राहिला. मग आत येऊन खुर्चीत बसला. आत्याने चहा ठेवला.

"भिंतींना बाहेरून गिलावा कधी करणार?"

"जमेल तेव्हा."

चहा अर्धा झाल्यावर त्याने घसा खाकरला. "तरी पण, हे घर पुढे कुणाला देणार आहेस? काही लिहून ठेवलंस?"

"नाही. अजून जगतेय."

"विचारलं आपलं."

"विचार की. विचारायला कोण नको म्हणतंय? खणायच्या आधी विचारलं असतंस तर त्या दिवशी तुझ्या घरचं पाणी न पिता मी परतले नसते." आत्याने त्याच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.

जाताना त्याने पंख्याकडे मान वर केली. "आवाज करतोय. पुढच्या रविवारी येऊन बघतो."

"ये. पण हात लावण्याआधी मला सांग."

"बरं बाई," दादा म्हणाला आणि चपला घालू लागला.