कानडी बटणांचं मराठी मशीन

सांगलीतल्या एका कचेरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात मी मराठी समजून कानडी टाइपरायटर विकत घेतला. नऊ वर्षं सांगलीत राहून, स्टँडवर रोज कर्नाटकाच्या गाड्यांच्या पाट्या बघून हा पराक्रम केला. बटणांवर धुळीचा थर होता, रिबन वाळून गेलेली. रुमालाने चार बटणं पुसली, खाली गोल गोल अक्षरं दिसली, मनाशी म्हटलं, जुन्या वळणाचं मराठी असेल. घंटी मात्र तीनतीनदा वाजवून पाहिली. घंटी सगळ्या भाषांत सारखीच वाजते, हे तेव्हा सुचलं नाही.

मशीन माझ्यासाठी नव्हतं. ते होतं बायकोच्या मामांसाठी, आणि हे मामा म्हणजे सबंध सातारा जिल्ह्यात डबल स्पेसमध्ये आयुष्य जगलेला एकमेव माणूस. कोरेगावच्या एका कचेरीत तीसेक वर्षं त्यांनी टायपिंग केलं आणि पुढे पुढे त्यांचं त्यांनाच कळेना की मशीन कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो. बाकावर बसले तरी डावीकडे वीतभर जागा सोडणार. तिथे कुणी टेकायला गेलं की म्हणणार, "तो समास आहे. समासात मजकूर बसत नाही." घरातल्या फळीवर मामींच्या नावाने चिठ्ठी असायची, "विषय : कोथिंबीर संपल्याबाबत", आणि तिची कार्बन कॉपी फायलीला. एकदा मामींनी स्वयंपाकघरातूनच तोंडी उत्तर दिलं, तर म्हणाले, "लेखी द्या." मामी म्हणाल्या, "देते की. लाटण्यानं लिहिलेलं चालेल ना?"

ज्या साली कचेरीत कॉम्प्युटर आला त्याच साली मामा निवृत्त झाले. माणूस निवृत्त झाला, बोटं मात्र कामावर जातच राहिली. मांडीवर, ताटाच्या काठावर, एसटीत पुढच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या परक्या माणसाच्या पाठीवर. आम्ही हसायचो. पण एका दिवाळीला मामींनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, हे हल्ली बोलतच नाहीत हो. नुसती बोटं चालतात. कुठे जुनं मशीन मिळतंय का बघा. तहसीलसमोर लिंबाखाली बसतील, लोकांचे चार अर्ज लिहून देतील. माणसांत राहतील."

म्हणून मी लिलावाला गेलो, आणि ते धूड पोत्यात घालून, मांडीवर घेऊन एसटीने कोरेगावला पोचलो. मामांनी पोतं सोडलं आणि बटणांवरून फडकं फिरवलं.

"जावईबापू, हे कानडी आहे."

"नक्की?" मी विचारलं.

मामींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाचं आधण उतरवून ठेवलं. मामांनी मात्र वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा मशीनवरून हात फिरवला. "यंत्र निर्दोष आहे. चुकीच्या हाती पडलं, एवढंच."

साताऱ्यात मशीन दुरुस्त करणारा एकजण होता. मोडीत निघालेल्या मराठी मशीनची अक्षरं त्याच्याकडे डालडाच्या डब्यात पडून होती. मामांचा बेत ऐकून तो म्हणाला, "आवं मामा, एवढ्या तरासात दुसरं लगीन हुतंय!" पण मामा सगळा उन्हाळा त्याच्या दुकानात बसले. एकेक कानडी अक्षर तापवून काढायचं, त्या दांडीला मराठी अक्षर सोल्डर करायचं, केसभर वरखाली झालं की पुन्हा काढायचं. एकटा 'ळ' तीनदा निघाला. शेवटी तो बिचारा म्हणाला, "आता बटणं बी बदलू." मामा म्हणाले, "कुणासाठी? बटणांकडे बघतो तो टायपिस्ट नव्हे, गिऱ्हाईक." बटणं कानडीच राहिली.

लिंबाखाली मामांनी टेबल मांडलं. समोरच नवीन कॉम्प्युटर सेंटर झालेलं, काळ्या काचेचं, आत गारवा. लोक देवळात जावं तसे चपला काढून तिथे शिरत. चार दिवस मामांकडे कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी मी रजा काढून गेलो आणि समास सोडून शेजारी बसलो. मामांची बोटं परत मांडीवर आली होती. वाटलं, आपण लिलावातून आजार विकत आणला.

एवढ्यात माण तालुक्याकडचा एक म्हातारा आला, खांद्यावर घोंगडं. काचेच्या दारावरून परतलेला. "वाहाना काढाय त्ये काय देऊळ हाय?" वस्तीवर पाण्याचा टँकर पाहिजे म्हणून अर्ज करायचा होता. मामा त्याच्या तोंडाकडे बघत टाइप करू लागले. म्हातारा बटणांकडे बघत होता. मेंढरं घेऊन कर्नाटकात उभी हयात हिंडलेला गडी.

"आवं, ही तर कानडी अक्षरं! आन कागदावर मराठी कसं उमटतंय?"

"शिकवलंय त्याला," मामा म्हणाले. बोटं थांबली नाहीत.

म्हातारा उठून उभा राहिला आणि तहसीलच्या पायऱ्यांकडे तोंड करून ओरडला, "आरं या रं, या! ह्ये मशीन कानडीचं मराठी करतंय!"

पायऱ्या रिकाम्या झाल्या. गर्दीचा आवाज ऐकून काचेचं दार उघडलं आणि सेंटरचा मालक अनवाणी बाहेर आला. बराच वेळ वाकून बघून त्याने हळूच विचारलं, "मामा, सॉफ्टवेअर कुठलं?"

"सातारचं."

दुपारपर्यंत रांग रसाच्या गाड्यापर्यंत गेली. कागद आणायला मी दोनदा पळालो. मामा प्रत्येकाला गाव विचारत होते, पाऊसपाणी विचारत होते, वर्षाचं साचलेलं बोलणं बोलून घेत होते. घसा बसला तरी थांबेनात. मामी डबा घेऊन आल्या आणि रस्त्यापलीकडेच उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

उतरत्या उन्हात तो म्हातारा आवक शिक्का मारलेला अर्ज दाखवायला परत आला. "लय झ्याक मशीन. आणलं कुठनं?"

"आमच्या जावईबापूंनी, सांगलीहून," मामा बसल्या आवाजात, अभिमानाने म्हणाले. "मराठी म्हणूनच घेतलं त्यांनी."

मी कॉलर नीट केली. म्हाताऱ्याने बटणांकडे पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मामांना विचारलं,

"ह्यास्नी शाळंत घातलंच न्हाई व्हय कुणी?"