वस्तरा मामींच्या हाती

माझी सासुरवाडी नेवाशाजवळ. दिवाळीत तिथं गेलो होतो. गोठ्यातल्या पत्र्याच्या डब्यात खिळे शोधताना हाताला एक घडीचा वस्तरा लागला. मूठ शिंगाची, आणि पातं गंजून असं बसलेलं की काही केल्या उघडेना.

"मामा, हा कुणाचा?" मी सासऱ्यांना विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्याचा. आता त्यानं दाढी न्हाई हुत, पाव्हणं. गोनीची सुतळी तुटली तरी लई झालं."

मी सुप्याला एका कारखान्यात स्टीलचे सुटे भाग पॉलिश करतो. गंजलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि त्यात सासऱ्यांनी असं डिवचलेलं. वस्तरा खिशात घालून घरी आणला.

आधी डिझेलमध्ये बुडवून ठेवला, तेव्हा कुठं पातं उघडलं. मग पॉलिश पेपर ओला करून हातानंच घासत बसलो. मशीनवर धरला असता तर काम चटकन झालं असतं, पण पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही. मुठीला खोबरेल चोळलं, सैल झालेली पितळी खीळ बदलली. दगडावर धार लावली आणि शेवटी चामडी पट्ट्यावर पातं परजलं. पट्टा माझ्या पँटचा होता. बायको म्हणाली, "वस्तरा उभा राहील, पँट खाली येईल."

धार बघायला मी हाताचे केस काढायचो. एक हात ठिकठिकाणी असा गुळगुळीत झाला, की कारखान्यातला सोबती हळूच म्हणाला, "डॉक्टरला दाखवलं का?"

संक्रांतीला वस्तरा घेऊन पुन्हा सासुरवाडीला गेलो. आता प्रश्न गालाचा होता. मला मामांचा हवा होता, मामांना माझा.

"पाव्हन्यांचा मान पैला," मामा म्हणाले.

"छे, मामा. वडीलधाऱ्यांच्या आधी मी कसा बसू?"

आम्ही एकमेकांना असा आदर देत असताना सासूबाई पदर खोचत बाहेर आल्या आणि माझ्या हातून वस्तरा काढून घेतला. म्हणाल्या, "मामंजी अंथरुनाला खिळले हुते, तवा त्यांची दाढी मीच करायची. ह्याच वस्तऱ्यानं. बसा खाली."

हे मामांना उद्देशून होतं. ते निमूट बसले. फेस लागला, पातं गळ्याशी आलं आणि मामींनी बजावलं, "आता बोलायचं न्हाई. कापल."

मग त्या एकट्याच बोलू लागल्या.

"मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला चला म्हनलं की तुमाला शेळ्या आठवत्यात. आवं, शेजारची म्हैस रस्त्यात उभी हुती, तुमी गाडी तिच्यावर घातली. म्हैस! ती काय सुई हाय व्हय, न दिसायला? नगरला जायचं ना?"

"हं," मामा म्हणाले.

"डोळं बरं हुईपत्तुर गाडीची चावी माझ्याकडं."

"हं."

"पाव्हणं, ऐकलं ना तुमी?"

"ऐकलं, मामी," मी म्हणालो. बायको मोबाईलवर सगळं टिपत होती, आणि हसण्यानं तिचा मोबाईल हलत होता.

तोंड पुसून झाल्यावर मामांना कंठ फुटला. "मी हं म्हनलो. व्हय म्हनलो न्हाई."

"मग बसा परत," मामी म्हणाल्या. "डाव्या बाजूला जरा राहिलंय."

मामांनी खिशातून चावी काढून दिली.

ऑपरेशन नगरला झालं, चांगलं झालं. आम्ही भेटायला गेलो, तर मामा काळा चष्मा लावून ऐटीत ओट्यावर बसलेले. माझं कौतुक करायचं म्हणून त्यांनी वस्तरा मागवला. चष्मा कपाळावर सरकवून पातं उघडलं, उन्हात धरलं. बराच वेळ बघत राहिले.

"पाव्हणं, हे एवढं धारदार हुतं?"

"होय, मामा."

"आनि हिनं हे माझ्या गळ्यावर धरलं हुतं?"

त्यांनी वस्तरा हळूच मिटला आणि माझ्या बायकोला पाणी आणायला पिटाळलं.