माझं नाय ते

ऐरोलीहून दादाचा फोन आला तेव्हा मी बाजारात कोळंबी निवडत होते. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. “आई गेली,” एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा घेतला, परत आडवी झाली, ती उठलीच नाही… कोळंबी तिथंच टाकून मी निघाले.

आत्या खाडीकाठच्या सारसोळे गावची. तिच्या घरी न्याहारीला तांदळाची भाकरी आणि रात्रीचं उरलेलं माशाचं आंबट कालवण असायचं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, खाडीतून जे आणायचे तेच ताटात पडायचं. पुढे खाडीचं पाणी नासलं, होडी विकली, बर्फातले मासे विकत येऊ लागले, न्याहारीला चहा-खारी आली. आत्या कुरकुरायची, पण निदान चुलीपाशी राज्य तिचं होतं.

मामा गेले, तिचे गुडघे गेले, आणि दादानं तिला आपल्याकडे नेलं. चौदाव्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. घरमालकाची अट, मासळी शिजवायची नाही. वहिनी मनानं चांगली. ओट्स, मुगाचं धिरडं, वरणभात, सगळं प्रेमानं करायची. आत्या दोन घास खाऊन हात धुवायची. लिफ्टची धास्ती, त्यामुळे खाली उतरणंही सुटलं. “जेवान चांगलं हाय गं पोरी,” ती मला हळूच म्हणाली, “पन माझं नाय ते.”

एकदा मी भाकरी आणि भाजलेले बोंबील डब्यातून नेले. वहिनी घाबरली. “ताई, वास बाहेर गेला तर घर सोडावं लागेल हो.” तिचंही खरं होतं. शेवटी आत्याच उठली. बाथरूममधल्या स्टुलावर बसून, दार लावून, पंखा सुरू ठेवून ती जेवली… मी बाहेर उभी होते. साबणानं तोंड धुऊन ती आली आणि रिकामा डबा माझ्या हातात देत म्हणाली, “परत आनू नको. चोरी केल्यागत वाटतं.”

त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. जेवण मात्र कमी कमी होत गेलं.

आत्या गेल्यानंतर परवा त्यांच्याकडे गेले तर डायनिंग टेबल रिकामं. गुडघे दुखत असूनही आत्या शेवटपर्यंत खालीच, भिंतीला टेकून, पाय पसरून जेवायची. दादा तिच्या जागेशेजारी जमिनीवर ताट घेऊन बसला होता.

“वर बसून घास उतरत नाही गं,” तो म्हणाला.

वहिनीनं आम्हा दोघींची ताटं खाली आणली आणि त्याच्या समोर मांडली. भिंतीकडची जागा मोकळी ठेवून.