सहीचा रविवार

दहा वर्षांची असताना मला दोन गोष्टींची भीती वाटायची: नरकाची आणि फादरच्या सहीची. नरक लांब होता. सही येत्या रविवारी होती.

लंडनच्या ईलिंगमधल्या ज्या कॅथलिक शाळेत मला जायचं होतं, तिच्या फॉर्मवर आमच्या चर्चच्या फादरनी लिहून द्यायचं होतं की हे कुटुंब नेमाने मिस्साला, रविवारच्या प्रार्थनेला, येतं. आम्ही येतच होतो. तापातसुद्धा आई सोडायची नाही. पण फादर नवे होते, आयरिश, आणि आईच्या गळ्यात मंगळसूत्र.

आम्ही वसईचे. आमच्याकडे लग्नात फादरच मंगळसूत्रावर पवित्र पाणी शिंपडतात. आईच्या मंगळसूत्रात तर दोन वाट्यांमध्ये सोन्याचा बारीक क्रूसही आहे. पण तो लांबून कोणाला दिसतोय? दिसतात ते काळे मणी. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? आमच्या घराण्यात कित्येक पिढ्या बाप्तिस्मे होत आलेत, आणि मी बावळटासारखी म्हणाले, माहीत नाही.

पप्पा बस चालवतात. त्या रविवारी ते शिफ्ट संपवून थेट चर्चमध्ये येणार होते. निघताना मी आईला म्हणाले, "आई, प्लीज ते काढून ठेव ना. फादरना वाटेल आपण रिअल कॅथलिक नाही. मग माझा स्कूल जाईल."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही हात मानेमागे नेले, मंगळसूत्र काढून मारियाच्या मूर्तीपुढे ठेवलं आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय."

अर्ध्या रस्त्यात मला आठवलं. आजोबा गेले तेव्हा मावशीने आजीच्या गळ्यातलं असंच काढलं होतं. परत जाऊ या म्हणायची हिंमत झाली नाही.

मिस्सा सुरू झाली, पप्पा नाहीत. प्रवचन संपलं, पप्पा नाहीत. दार करकरलं की मी मागे वळायचे. बस उलटलेली मला स्पष्ट दिसत होती, आणि ती मी उलटवली होती.

मिस्सानंतर फादरनी खिशातून पेन काढलं आणि हसत सही केली. आईच्या गळ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

पप्पा पायऱ्यांवर भेटले. रस्ता बंद होता, डायव्हर्शनमध्ये अडकले होते. मला रडूच कोसळलं. ते मला जवळ घेत आईकडे बघायला लागले.

"गळा का मोकळा?"

"तुटलं हो," आई म्हणाली. "देते जोडायला."

शनिवारी आई कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करायला, रांगेत उभी राहिली. नवऱ्याशी खोटं बोलल्याचं तिला सांगायचं होतं. तिच्या मागे मी होते. माझी पाळी आली तेव्हा मी फादरना होमवर्क लपवल्याचं सांगितलं.