दुसऱ्या कापणीचं गवत

सारंगला गवताची अ‍ॅलर्जी होती. आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या त्यांच्या घरामागे सतरंजीएवढी हिरवळ, तीही त्याची बायको सुमेधाच कापायची आणि हा खिडकीआड शिंकत बसायचा. तरीसुद्धा मराठी मंडळाच्या गणपतीत हे गृहस्थ इंग्रजीतल्या एका जुन्या शेतकरी शब्दावर पंधरा मिनिटं बोलणार होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, दुसरं काय!

रोज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर तो ‘आजचा शब्द’ टाकायचा. शब्द कुठे जन्मला, वाटेत कुणाकुणाच्या तोंडी लागला, कसा बिघडला, सगळं त्याला पाठ. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मात्र आठ वर्षांत माहीत झालं नव्हतं. पोस्टखाली चार अंगठे आले की स्वारी दिवसभर खूश.

सुमेधा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. मार्चमध्ये तिचे वडील, पद्माकरराव, अमरावतीत अचानक वारले. इथल्या लोकांत सहकाऱ्याचे वडील वारले तरी माणसं तीन-तीन तास गाडी चालवून जातात, रांगेत उभी राहून हात हातात घेतात. त्यामुळे तिच्याबरोबर काम करणाऱ्या मारेडनं सहजच विचारलं, नवरा येतोय ना सोबत? सुमेधा हो म्हणाली. सारंगच्या प्रोजेक्टची रिलीज होती आणि तो येणार नव्हता, हे सांगायची तिला लाज वाटली. परतल्यावर मंडळातही तिनं तेच खोटं चालू ठेवलं. सहा महिने ती या माणसाची अब्रू झाकत होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

गणपतीच्या दिवशी हॉलमध्ये साठेक माणसं होती. स्लाइड पुढे सरकवायचं काम नेहमीप्रमाणे सुमेधाकडे. शब्द होता ‘आफ्टरमॅथ’. त्यातला ‘मॅथ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत गवताची कापणी, सारंगनं सांगितलं. उन्हाळ्यात पहिलं गवत कापून नेलं की त्याच रानात पुन्हा कोवळं गवत उगवतं, ते आफ्टरमॅथ. गुरं त्यावर तुटून पडतात. आयर्लंडचे शेतकरी त्याला आजही ‘आफ्टरग्रास’ म्हणतात. पुढे लोक कुठल्याही गोष्टीच्या परिणामाला हा शब्द वापरू लागले, आणि हळूहळू तो फक्त वाईटाला चिकटला. युद्धानंतरचं, वादळानंतरचं ते आफ्टरमॅथ.

इथवर ठीक होतं. माहिती खरी होती आणि लोक ऐकत होते. पण नुसती माहिती देऊन गप्प बसेल तर तो सारंग कसला. त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला, या शब्दाचा मूळचा हिरवा अर्थ मी माझ्या घरात अनुभवला आहे.

सुमेधानं बटण दाबलं आणि पडद्यावर तिचे वडील आले. हार घातलेला फोटो, समोर समई, बाजूला आईचा अर्धा हात. ही स्लाइड तिनं आधी पाहिली नव्हती. सारंग सांगत होता, की बाबा गेल्यावर त्या घरात कशी शांतता पसरली होती, अंगणसुद्धा कसं मुकं झालं होतं, आणि त्या दुःखातून सुमेधा कशी दुसऱ्या गवतासारखी पुन्हा तरारून आली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सुमेधाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या घराचा उंबरठा यानं मार्चमध्ये ओलांडला नव्हता, त्या घराचं अंगण हा लोकांना दाखवत होता. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. यानं उंटावरून सुतक पाळलं होतं.

तेवढ्यात तिला फोटोचा कोपरा दिसला. तेराव्याच्या व्हिडिओ कॉलचाच तो स्क्रीनशॉट होता, आणि दीडशहाणा तो कापायला विसरला होता. वर उजवीकडे लहानशा चौकोनात सारंग बसला होता. डोक्यावर हेडफोन, नजर दुसऱ्याच स्क्रीनवर.

तिनं पुढचं बटण दाबलं नाही. ती उठून उभी राहिली.

“तो वरचा चौकोन बघा,” ती शांतपणे म्हणाली. “सारंग अमरावतीला आला होता असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. हा तेवढाच आला होता.”

साठ माणसांनी चौकोन पाहिला. सारंगनंही मान वळवून पाहिला. शेवटी मंडळाचे अध्यक्ष नरेश उठले आणि आरती सुरू करू या म्हणाले. सुमेधा आरतीला थांबली नाही.

गाडीपाशी सारंगनं तिला गाठलं. आपलं काही चुकलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. तो खरोखरच दुखावला होता.

“चारचौघांत शोभा केलीस माझी. फोटो नको होता तर आधी बोलायचंस ना.”

“सहा महिने बोलले नाही, तीच चूक झाली,” सुमेधा म्हणाली. “त्या दिवशी बाबा गेल्याचा फोन ठेवला आणि पहिलं तुला सांगितलं. तू काय म्हणालास, आठवतं?”

सारंगनं आठवून पाहिलं. त्याला आठवलं नाही.

“तू विचारलंस, परत यायला किती दिवस लागतील.”